कंसातलं नागपूर

नलूताईंच्या समीरचा फोन आला तेव्हा मी शेजाऱ्याच्या गाडीवरचा बर्फ काढत होतो. परोपकार म्हणून नव्हे. रात्रभर इतका पडला होता की आमच्या ड्राइव्हवेतला ढीग कोणता आणि पलीकडचा कोणता हेच मला कळलं नाही, आणि पाऊण गाडी मोकळी झाल्यावर आतून निळा रंग निघाला. आमची गाडी करडी आहे. माझी बायको मंजिरी दारात उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार आणि ते पुढच्या गणपतीपर्यंत पुरणार; पण तिच्या हातात माझा फोन होता आणि चेहरा वेगळाच होता. "समीर आहे," एवढंच ती म्हणाली. "अंकल, आई इज गॉन," समीर म्हणाला. "धिस मॉर्निंग. शी वॉज फाइन... शी वॉज अर्ग्यूइंग विथ द नर्स." नर्सशी भांडत होत्या म्हणजे अगदी शेवटपर्यंत बऱ्या होत्या, असं काहीतरी मी बोलून गेलो. सांत्वन करणं मला कधी जमलेलं नाही. पण समीर हसला, मग रडायला लागला, आणि मी त्या परक्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता ऐकत राहिलो.

त्याला पाच आठवडे झाले. नलूताई पांढरीपांडे यांच्याबद्दल लिहायला घेतलं की मला त्यांचा आवाज ऐकू येतो, "पुणेकर, आधी माहिती बरोबर लिहा, मग रडा." म्हणून आधी माहिती. नलूताई नागपूरच्या. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर हॅमिल्टनला आल्या. दत्ताभाऊ पोलादाच्या कारखान्यात होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा समीर टोरोंटोला बँकेत. आमच्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना नलूताई माहीत होत्या त्या त्यांच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीमुळे. उरलेल्या अर्ध्यांना त्यांच्याकडून बोलणी खाल्ल्यामुळे. मी दोन्ही गटांत होतो.

मी शिकवतो ते विद्यापीठ हॅमिल्टनहून तासाभरावर आहे, लहान आहे, आणि माझी पेन्शन अजून सुरू व्हायची असल्यामुळे त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथे नलूताई 'कॅलेंडर' काढायच्या. म्हणजे भिंतीवरचं नव्हे. दरवर्षी निघणारा जाडजूड ग्रंथ, ज्यात सगळे अभ्यासक्रम, सगळे नियम, आणि शेवटी शिकवणाऱ्यांची यादी: नाव, हुद्दा, पदव्या, आणि प्रत्येक पदवीपुढे कंसात ती कुठल्या विद्यापीठाची ते. या शेवटच्या पानांवरच्या कंसांसाठी ही बाई आयुष्यभर भांडली. मला आधी वाटायचं, यात भांडण्यासारखं काय आहे...

मी नोकरीला लागलो तेव्हा त्या यादीसाठी एक कागद भरून द्यायचा होता. मी भरला. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. त्यांना खोली नव्हती, दोन कपाटांच्या आडोशाला एक टेबल होतं आणि त्यावर पट्टी होती, 'नलिनी पी.' पांढरीपांडे हे आडनाव त्या पट्टीत मावत नाही, असं त्यांना पहिल्या दिवशीच सांगण्यात आलं होतं.

"बसा. पुण्याचे नं?"

"हो. कसं ओळखलं?"

"एवढा मोठा कागद भरला आणि एकही गोष्ट विचारायला आले नाही, त्यावरून." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "इथं तुम्ही लिहिलं, बी.ई., कंसात इंडिया. हे इंडिया विद्यापीठ कुठं आलं? मी तर काही ऐकलं नाही बाप्पा."

मी म्हटलं, अहो, इथल्या लोकांना पुणं काय कळणार, म्हणून जरा सोपं केलं.

"आणि ऑक्सन कळते त्यांना?"

इथे मला एक खुलासा करणं भाग पडलं, आणि तो मी केला याचा मला पुढे फार त्रास झाला. गेल्या वर्षीचं कॅलेंडर मी चाळलं होतं. इतिहासाच्या डॉ. व्हिटकोम यांच्यापुढे लिहिलं होतं 'ऑक्सन.' आणि भूगोलातल्या एका गृहस्थांपुढेही 'ऑक्सन.' मी समजलो की हे मूळ घराण्याचं नाव असणार, आपल्याकडे नाही का कोणी 'ऊर्फ' लिहीत. आणि त्याच सकाळी कॉफीच्या मशीनपाशी मी व्हिटकोम यांना, ओळख वाढवावी म्हणून, विचारलं होतं की आपले धाकटे बंधू भूगोलात आहेत ना? ते गोंधळून म्हणाले की त्यांना फक्त एक बहीण आहे. मी म्हटलं, असं कसं, चेहरेपट्टी अगदी तीच आहे.

नलूताई इतक्या हसल्या की पलीकडच्या दोन बायका उठून बघायला आल्या. मग डोळे पुसून त्यांनी मला शिकवलं. ऑक्सफर्डचं जुनं लॅटिन नाव ऑक्सोनिया, त्याचं आखूड रूप ऑक्सन. केंब्रिजचं कँटाब्रिजिया, म्हणून कँटॅब. डरहमचं तर डनेल्म. ही इंग्रजांची रीत. तीच त्यांनी आपल्याकडे आणली आणि आपले लोक बॉम., कॅल., नाग. असं कंसात लिहायला लागले. "पण इथल्या यादीचा नियम काय, तर इंग्लंडवाल्यांना लॅटिन, कॅनडा-अमेरिकेवाल्यांना त्यांचं गाव, आणि बाकी सगळ्यांना देश. इंडिया. पाकिस्तान. नायजेरिया. अर्ध्या जगाला गावच नाही जसं काही." असं म्हणून त्यांनी माझ्या कागदावरचं इंडिया खोडलं, 'पूना' लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "मी हे दरवर्षी घालते. कमिटी दरवर्षी काढते. तुमच्यासारखे लोक आपल्या हातानं इंडिया लिहून देते नं, मग मी भांडू कोणाच्या भरवशावर?"

त्या दिवसापासून मी त्यांचा बिनपगारी मदतनीस झालो. प्रुफं तपासायची त्यांची पद्धत जुनी होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघायचं, आणि वाचताना विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. टेबलापाशी बसून हे केलं की आजूबाजूचे तक्रार करायचे, म्हणून आम्ही मधल्या सुट्टीत झेरॉक्सच्या खोलीत जाऊन बसायचो. खिडकी नसलेली, शाईच्या वासाची, दार लावलं की मशीनच्या उबेने हिवाळ्यात छान वाटायचं. डब्यातली पोळी एका हातात धरून मी वाचत असे, "स्वल्पविराम, कंस सुरू, ऑक्सन, टिंब, कंस पूर्ण." नाकात शाईचा वास, तोंडात शेपूची भाजी. माझ्या संशोधनापेक्षा हे काम मला जास्त चांगलं जमत होतं, असं माझे विभागप्रमुख एकदा म्हणाले. तो विनोद नव्हता.

त्या खोलीतच त्यांनी मला त्यांच्या लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांचं शिक्षण मराठी चौथीपाशी थांबलेलं. नागपूरला धंतोलीत छोटं कापडाचं दुकान. घरात पहिली पदवीधर ही मुलगी. लग्न ठरलं, पत्रिकेचा मजकूर वडिलांनी स्वतः लिहिला: चि. सौ. कां. नलिनी, बी.ए. (नाग.). मुलाकडून निरोप आला की एवढं काढा. मुलाचा डिप्लोमा आहे, पत्रिकेत मुलीची पदवी आणि मुलाची नाही, हे बरं दिसत नाही. चार वडीलधारे समजवायला आले. वडील म्हणाले, पाहिजे तर पत्रिकेतून लग्नाची तारीख काढतो, ते काढत नाही. "म्हणजे लग्न मोडायला बसले होते हो," नलूताई सांगत होत्या. "दोन अक्षरांसाठी. मीच घाबरले. मग यांनी स्वतः चिठ्ठी पाठवली, की छापा, मलाही चार लोकांत सांगायला बरं." मग म्हणाल्या, "बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं नीट. पण तेवढं यायचं. पत्रिकेवरून बोट फिरवायचे. आता हे लोक म्हणते इंडिया लिहा. मला इंडियानं पदवी दिली का? मला नागपूरनं दिली."

गंमत अशी की ही सगळी लढाई दुसऱ्यांसाठी होती. यादीत फक्त शिकवणाऱ्यांची नावं असायची. नलूताई कर्मचारी, त्यामुळे त्यांचं स्वतःचं बी.ए. (नाग.) त्या ग्रंथात कधीही येणार नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो. "वाढणारीनं आधी वाढायचं," असं म्हणून त्यांनी पुढचं पान काढलं.

मग २०१५ साल असेल, विद्यापीठाने छापील कॅलेंडर बंद करून सगळं वेबसाइटवर न्यायचं ठरवलं. नव्या प्रणालीत विद्यापीठं आधीच भरून ठेवायची होती, नावावर क्लिक केलं की झालं. त्यात ऑक्सन आणि कँटॅब पहिल्या दिवसापासून होते. बाकीच्यांसाठी देश. आणि यावेळी एकदा ठरलं की ठरलं. दरवर्षी प्रुफात हळूच घालायची सोय संपली. नलूताईंचं तेव्हा निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, आठवड्यातून तीन दिवस येत होत्या. "हे करून मग जाते," म्हणाल्या. त्यांना कमिटीत बसता येत होतं, पण भिंतीला लावलेल्या खुर्चीवर, टिपणं घ्यायला. बोलायचा अधिकार नव्हता. बोलायचा अधिकार होता मला, कारण मी विभागाचा प्रतिनिधी होतो. देवाघरची विनोदबुद्धी ही अशी असते.

बैठकीआधी त्यांनी मला काय बोलायचं ते तीनदा पाठ करून घेतलं. बैठकीत मी दोन कप कॉफी प्यालो, आणि ऐन विषय निघाला तेव्हा वॉशरूमला जाऊ का, हे विचारायला हात वर केला. अध्यक्ष होते डॉ. व्हिटकोम, तेच, बंधू नसलेले. "येस, प्रोफेसर?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाठ केलेलं सगळं पळालं. मी उभा राहून विचारलं, "एखाद्या गावाला लॅटिन नाव असेल तर चालेल का?" व्हिटकोम सभ्य माणूस. ते हसून म्हणाले की लॅटिन रूप असेल तर काहीच हरकत नाही, पण प्रश्न असा की ते नसतं, म्हणून तर देश लिहावा लागतो. मी थँक्यू म्हणून बाहेर पळालो. परत येताना मला वाटलं, आज या बाईच्या आयुष्यभराच्या कामाची मी माती केली. बघतो तर भिंतीपाशी बसून नलूताई भराभर लिहून घेत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "पुणेकर, तुम्ही काय बोलले ते तुम्हाला तरी कळलं का? तो हो म्हणाला. मी मिनिट्समध्ये घातलं."

हॅमिल्टनला त्यांच्या शेजारी मारिया नावाची इटालियन बाई राहते. तिचाही नवरा पोलादाच्या कारखान्यात होता. दर उन्हाळ्यात कुंपणावरून टोमॅटो इकडे आणि ठेचा तिकडे, असा त्यांचा व्यवहार. मारियाचा भाऊ निवृत्त पाद्री. त्याच्याकडे चर्चचं एक जाड लाल पुस्तक होतं, जगात जिथे जिथे बिशप आहे त्या प्रत्येक गावाचं त्यात लॅटिन नाव. नागपूरला बिशप आहे हे नलूताईंना माहीत होतं, त्याच्या चर्चवरूनच त्या कॉलेजला जायच्या. मारियाच्या स्वयंपाकघरात बसून त्या म्हाताऱ्याने पानं उलटली आणि बोट ठेवलं. नागपुरेन्सिस. पुढच्या पानांत पुणंही होतं, पुनेन्सिस. मी त्यानंतर दोन दिवस घरात पुनेन्सिस म्हणून वावरलो, तिसऱ्या दिवशी मंजिरीने कचऱ्याचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "पुनेन्सिस, आज बुधवार आहे."

पुढच्या बैठकीला नलूताई ते लाल पुस्तक घेऊन आल्या. निळी नारायणपेठ, वर विंटर जॅकेट, पायात बर्फाचे बूट. अध्यक्षांची परवानगी मागितली आणि भिंतीजवळची खुर्ची सोडून टेबलापाशी आल्या. पुस्तक व्हिटकोम यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, मनापासून खूश झाले. इतिहासाचा माणूस. म्हणाले, वा, प्रश्नच मिटला, आता आपण नागपुरेन्सिसचं आखूड रूप करू, सगळ्यांचं असं शोधून काढू.

"नो, सर," नलूताई म्हणाल्या. पुढचं त्या इंग्रजीतच बोलल्या, पण त्या इंग्रजीतसुद्धा नागपूरची सीताबर्डी होती. त्या म्हणाल्या, लॅटिन तुम्हाला पाहिजे होतं, आम्ही आहोत की नाही ते बघायला. ते आहे. आता ते बाजूला ठेवा. माझ्या विद्यापीठाने मला जे लिहायला शिकवलं, ते तीन अक्षरांचं आहे, एन ए जी. ज्याच्या त्याच्या विद्यापीठाला विचारा ते स्वतःला काय म्हणतं, आणि तेच लिहा. तुम्हाला कोणी बारसं करायला बोलावलेलं नाही.

शेवटचं वाक्य इंग्रजीत नेमकं कसं झालं ते मला आठवत नाही, पण टेबलाभोवती सगळ्यांना समजलं. ठराव झाला. त्या वर्षी वेबसाइटवर यादी आली तिच्यात लाहोर होतं, नायजेरियातलं इबादान होतं, दुसऱ्या कोणाचं का होईना नाग. होतं, पूना होतं. इबादानचे आमचे रसायनशास्त्राचे सहकारी संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून आईला पाठवत होते.

ते एक वर्ष टिकलं. दुसऱ्या वर्षी वरून निर्णय आला: यादी सुटसुटीत करायची, सगळेच कंस काढायचे. नुसती पदवी राहील, कुठली ते नाही. नलूताईंनी तोवर काम सोडलं होतं आणि हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मी तिथे बातमी सांगायला गेलो तेव्हा माझ्या मते चांगली बाजू घेऊन गेलो होतो. म्हटलं, ताई, ऑक्सनसुद्धा गेलं. आता सगळे सारखे.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "सारखे? ते पिढ्यान्पिढ्या जेवले. आपण पानावर बसलो आणि पंगत उठवली, याला सारखं म्हणते का पुण्यात?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुमच्या ऑफिसच्या दारावर काय आहे?"

"माझं नाव आहे. आणि एक जुनं कार्टून."

"दारावर काय लावायचं ते कोण ठरवते?"

"कोणी नाही. ज्याचं त्याने."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी उशी नीट करून घेतली आणि मला कामाला लावलं. कोणाची कुठली पदवी ते त्यांना तोंडपाठ होतं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मॉलमध्ये ट्रॉफ्या आणि पाट्या कोरून देणारं एक दुकान आहे, तिथून छोट्या पितळी पट्ट्या करून घेतल्या. माझ्या स्वतःच्या पट्टीवर दुकानदाराने 'प्यूमा' कोरलं आणि मी ती न वाचता लावली. आठवडाभर विद्यार्थी मला बुटांच्या किमती विचारत होते. बाकीच्या बरोबर निघाल्या. हळूहळू आमच्या मजल्यावर दारोदारी कंस दिसायला लागले. मग एक दिवस व्हिटकोम माझ्या दारात येऊन उभे राहिले. निवृत्तीला आलेला माणूस, जरा संकोचून म्हणाले, मलाही एक मिळेल का... ऑक्सनची?

मला वाटलं नलूताई यावर काहीतरी जहाल बोलतील, म्हणून मी मुद्दाम तेच सांगायला हॉस्पिटलात गेलो. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. "लावू द्या त्याला," म्हणाल्या. "त्याचाही बाप खूश झालाच असेल नं." ती आमची शेवटची भेट. निघताना मी विचारलं, ताई, तुमची पट्टी? "मला दार कुठं होतं," त्या म्हणाल्या, आणि नर्सला हाक मारली की चहात साखर नाही.

त्या गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराने कागद वाचला आणि विचारलं, हे सगळं एकच आडनाव आहे? मी म्हटलं, एकच, आणि एकही अक्षर कमी करायचं नाही. पट्टी चांगली वीतभर झाली. कपाटांमागचं ते टेबल केव्हाच हलवलं आहे, तिथे आता पाण्याचं मशीन आहे. म्हणून मी ती झेरॉक्सच्या खोलीच्या दारावर लावली: नलिनी दत्तात्रेय पांढरीपांडे, बी.ए. (नाग.).

तीन दिवसांनी ती नव्हती. देखभाल विभागाकडून ईमेल आला की ही खोली कोणत्याही व्यक्तीला दिलेली नाही, तरी कृपया व्यक्तिगत पाट्या लावू नयेत. मी दुसरी करून आणली आणि लावली. ती आठवडाभर राहिली. मग तीही गेली, आणि दुसरा ईमेल आला, त्यात 'कृपया' नव्हतं. इबादानवाले म्हणाले, पुढची मी लावतो, मला पेन्शनची तेवढी काळजी नाही. व्हिटकोम यांनी स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर आणून माझ्या टेबलावर ठेवला. चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका, म्हणाले.

काल मी परत दुकानात गेलो. तो मनुष्य आता मला बघितल्याबरोबर पितळेचा तुकडा काढतो, नावसुद्धा विचारत नाही, सगळी अक्षरं त्याच्या मशीनमध्ये साठवलेली आहेत. फक्त एवढं म्हणाला की अशा एकूण किती लागणार आहेत ते सांगितलंत तर मी एकदमच करून ठेवीन.

मी म्हटलं, ते मला नाही माहीत. तुम्ही करत राहा.